आक्कांची सही आणि संभाजीनगरचा प्लॉट

॥ टोकाई माता प्रसन्न ॥

कुरुंदा, २५ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कांस,

पायांवर डोकं ठेवून सत्यभामाचा नमस्कार.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, नऊ वर्षं हिला नणंद आठवली नाही आणि आता कागद धाडते. म्हणा. फोनच करणार होते, पण आमच्या घरात आत रेंज येत नाही, बैठकीतच बोलावं लागतं आणि बैठकीत हे बसलेले असतात. मॅट्रिकपर्यंत शिकले ते असं कामी आलं. पत्र तुमच्या नातीकडून, सृष्टीकडून वाचून घ्या. दुसऱ्या कुणापुढं नको.

परवा भाऊबीजेला हे तुमच्याकडं हट्ट्याला येऊन गेले. परत आले तेव्हा गाडीवरून उतरतानाच गुणगुणत होते. जेवायला बसले आणि म्हणाले, "आक्कानं ओवाळलं. रडली. साडी तिथंच घडी मोडून नेसली. झालं आपलं काम."

मी म्हणलं, "कसलं काम?"

"सहीचं. साडी ठेवून घेतली म्हणजे सही झालीच की."

"तोंडानं विचारलं का?"

"भाऊबीजेच्या दिवशी बहिणीला कागदाचं विचारतेत का? तुला बी काही कळत न्हाई."

म्हणून लिहिते, आक्का. ती साडी भाऊबीजेची नव्हती. वसमतला घ्यायला मी सोबत होते. हे कधी साडीच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, त्या दिवशी दुकानं फिरले आणि दुकानदाराला म्हणाले, "हक्कसोडीची हाय, जरा वजनदार दाखवा." आपल्याकडं लेक बापाच्या जमिनीवरचं नाव काढून देते तेव्हा भाऊ साडीचोळी करतो, तीच ही. मामंजी गेल्यावर ओढ्याकाठच्या तीन एकरावरून तुम्ही नाव काढू दिलं नाही, म्हणून यांनी तुमचा उंबरा सोडला. यंदा तो कशासाठी धरला ते तुम्हाला ठाऊक असावं. तुम्ही भाऊ आला म्हणून रडलात, हे ऐकल्यापासून मला घास उतरत नाही.

आता कशासाठी ते. यंदा सप्टेंबरच्या पाण्यानं सोयाबीन जागेवर सडलं. हळद वाचली, पण यांचं मन शेतावरून उठलं ते उठलंच. त्यात बालाजी दिवाळीला आला तो तेच घेऊन. तुमचा भाचा संभाजीनगरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, सून कोमल तिथंच खोली करून राहते. तो म्हणतो, तिकडं बॅटरीच्या गाड्यांच्या कंपन्या येणार, कॉम्प्युटरच्या येणार, पाच वर्षांत पुण्यासारखं होणार. आज प्लॉट घेतला तर घेतला, उद्या नुसतं बघायचं. तीन एकर विकायचं, प्लॉट घ्यायचा. वसमतचे एक डॉक्टर जमीन घ्यायला तयार आहेत. अडलंय ते तुमच्या सहीपाशी.

सही करा, न करा, तुमची मर्जी. मी काही सांगत नाही. फक्त साडीचं सांगितलं.

तुमची
सत्यभामा

कुरुंदा, १० नोव्हेंबर २०२५

ती. आक्कांस,

टपालवाला दारावरून जातो आणि मी अंगणात काहीतरी निवडत बसते. तुमचं उत्तर नाही. रागावल्या असाल.

मागच्या पत्रात "तुमची मर्जी" लिहिलं ते खोटं होतं. माझी मर्जी होती, ती लिहायला हात धजला नाही. आज लिहिते.

आम्ही प्लॉट बघून आलो. बालाजीनं गाडी केली होती. शहर संपलं, मग कंपन्यांच्या भिंती सुरू झाल्या. लांबच लांब, खरंच मोठ्या. त्या बघून माझी भीती थोडी उतरलीही होती, देवाच्यान सांगते. बालाजी पुढच्या सीटवरून दाखवत होता. "मम्मी, ही बॅटरीवाली गाडी बनवणार. अन तिकडं नुसते कॉम्प्युटर ठेवायची बिल्डिंग होणार. माणसं चार अन कॉम्प्युटर हजार."

मी विचारलं, "माणसं चारच लागणार तर इतकी घरं कुणाला लागतेन?"

यांनी वळून बघितलं. 

भिंती संपल्या तरी गाडी चालूच. मग एक कमान आली, तिच्यावर झेंडे. आत माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या, शाळेत खो-खोला मारतात तशा. एजंट पोरगा वागायला चांगला होता, मला खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. म्हणाला, "मावशी, तुम्ही आता उभ्या आहात ना, तिथं तुमचं देवघर येणार."

मी खाली बघितलं. पातळाला कुसळं लागलेली.

"पाणी कुठून येणार?" मी म्हणलं.

"पाईपलाईन मंजूर आहे."

खांब होते, तारा नव्हत्या. मी वर बघतेय हे बघून हेच एजंटाच्या आधी म्हणाले, "तारा बी मंजूर हायेत."

कडेला एक बाई मेंढरं चारत होती. बोलण्यावरून आपल्याकडची वाटली, सेनगावकडचीच निघाली, सखुबाई नाव. दरसाल मेंढरं घेऊन त्या माळावर येतात म्हणे. मी विचारलं, "बाई, इकडं वस्ती होईन का वो?"

ती हसली. "दर साली नवी गाडी येती. मला इचारतेत, कंपनी कोणीकडं होणार. मी काठी करते कुठंबी. ते तिकडचा फोटू काढतेत अन जातेत."

"अन होत न्हाई का?"

"होती बी एखादी. मागल्या साली काठी केली तिकडं खरंच भिंत झाली. आता तिकडं मेंढरं जाऊ देत न्हाईत."

आक्का, तिच्या या बोलण्यानं मला जास्त भीती घातली. काहीच होणार नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं तर मी निवांत नको म्हणले असते. पण होईलही. तातेरावभाऊजींनी पुण्याकडं माळ घेतला तेव्हा अख्खा गाव हसला होता. आता त्यांच्या तीन खोल्या भाड्यानं आहेत आणि तेच गावाला हसतात. बालाजी मला तेच ऐकवतो, "मम्मी, तातेरावकाका भ्याले असते तर?"  घेतलं तर जमीन जाईल म्हणून भीती, नाही घेतलं तर पोराचं नशीब माझ्यामुळं जाईल म्हणून भीती. देवापुढं बसते तर हात जोडल्यावर मागायचं काय तेच सुचत नाही.

येताना यांनी इसार देऊन टाकला. जमिनीचा व्यवहार नाही, तुमची सही नाही, आणि इसार दिला. मी म्हणलं, "आधी आक्कांना तरी इचारा."

म्हणाले, "साडी नेसली ना ती."

आक्का, सही करू नका. तुमचा भाऊ पुन्हा अबोला धरील, ते पाप माझ्या माथी. पण तुम्ही तो सोसलाय, तुम्हाला जमतं. मला यांना नाही म्हणणं जमत नाही. या घरात आल्यापासून मी यांना भाजीत मीठ बराबर आहे का, एवढंच विचारत आलेय.

अजून एक गोष्ट आहे. कोमलनं फोनवर सांगितली आणि नागनाथाची शपथ घातली. ती लिहिता येत नाही.

तुमची
सत्यभामा

कुरुंदा, २८ नोव्हेंबर २०२५

ती. आक्कांस,

तुमचं कार्ड पोचलं. यांच्याच हातात पोचलं. काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, मी घट मांडून पोथी वाचत होते. हे दारातून मोठ्यानं वाचतच आत आले. "विसू, सही करते. पण प्लॉट सत्यभामाच्या नावावर घ्यायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही. आक्का."

माझ्या हातातली पोथी तशीच राहिली. मला वाटलं, हे चिडतील, नवऱ्याच्या जिवंतपणी बायकोच्या नावावर कशाला म्हणतील, आणि सगळं तिथंच मोडेल. तुम्हीही तेच धरून लिहिलं असणार.

हे हसले. "एवढंच ना? तुझ्या नावावर तर तुझ्या नावावर. कागद तर माझ्याच कपाटात राहणार."

लगेच बालाजीला फोन लावला, बालाजीनं एजंटाला लावला. दुपारपर्यंत माझं आधार कार्ड, फोटो, सगळं गेलं. तुम्हाला मी नको म्हणा म्हणलं होतं, आक्का. तुम्ही माझंच नाव त्या माळावर नेऊन लावलं. काहून असं केलं?

आता ती शपथ. कोमल म्हणाली होती, कुणाजवळ बोलू नका. मी बोलत नाहीये, लिहितेय, असं मनाला समजावून बघितलं. पटलं नाही. सोमवारी औंढ्याला जाऊन नागनाथापुढं नाक घासीन. पण एकटीनं हे धरून मला आता स्वयंपाकही सुचेना.

बालाजीचं काम मार्चपर्यंतच आहे. तो पार्ट तपासायच्या लाईनवर आहे ना, तिथं आता कॅमेरा बसवलाय. पार्ट खालून जातो, कॅमेरा बघतो, खराब निघाला की मशीनच बाजूला ढकलतं. आठ पोरं होती, दोन ठेवणार. बालाजी त्या दोघांत नाही. त्यानं हे बापाला सांगितलं नाही. कोमल म्हणाली, "मम्मी, ते रोज म्हणतेत, गावाकडं तोंड घेऊन जायचं तर निदान इथं आपला प्लॉट तरी पायजे. म्हणजे लोक म्हणतेन, तिथं जागा हाय त्याची."

ज्या शहरात कंपन्या येणार म्हणून जमीन विकायची, त्याच शहरात माझ्या लेकराला कंपनी नको म्हणतेय. हे यांना सांगितलं तर पोराची मान खाली जाते. यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, चारचौघांत बोलून दाखवतील. नाही सांगितलं तर ओढ्याकाठची जमीन जाते. मार्चनंतर ते दोघं खायचं काय, त्या खांबांना बघत बसायचं?

वसमतच्या कचेरीत हक्कसोडीची तारीख १९ डिसेंबर ठरली आहे. तोपर्यंत तुम्हाला ताप येऊ द्या, पाय मुरगळू द्या. असं लिहिणं बरोबर नाही हे मला कळतं.

तुमची
सत्यभामा

कुरुंदा, २१ डिसेंबर २०२५

ती. आक्कांस,

तुम्ही तिथं होतातच, तरी लिहिते. मी खरंच तसं बोलले का, ते कागदावर बघायचं आहे.

आधी सृष्टीचा फोन आला होता, ते तुम्हाला कळलं का माहीत नाही. मी बैठकीत, हे शेजारी. पोरगी म्हणाली, "मामीआजी, आजीनं सांगितलंय, माझ्या सहीच्या आड लपू नको. नाव तुझं घातलंय ते तुला कुणीतरी विचारावं म्हणून." मी म्हणलं, "व्हय गं, पापड पाठवते," आणि फोन ठेवला. यांनी विचारलं, "पापड कशाला?" मी म्हणलं, "आक्कांना आवडतात." 

कचेरीत मी टेबलाला धरून उभी होते.  कॉम्प्युटरवाला पोरगा म्हणाला, "आजी, अंगठा इथं." तुम्ही हात पुढं केला आणि मागं घेतला.

"थांब रे बाबा. सत्यभामा, प्लॉट तुझ्या नावावर होणार. तुला पायजे का?"

हे म्हणाले, "आक्का, हे काय इचारणं झालं? घरी बोलून झालंय."

"तुला न्हाई इचारलं, विसू."

मी बालाजीकडं बघितलं, तीच चूक झाली. दहावीच्या निकालाला शाळेच्या भिंतीपाशी उभा राहून माझ्याकडं बघत होता, तसाच बघत होता. मनातल्या मनात मी टोकाईला म्हणलं, माझ्या तोंडून हो निघालं तर ते तूच काढलंस असं समजीन. आणि निघालं, "न्हाई."

इतकं हळू निघालं की कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काय म्हणल्या मावशी?"

ते दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. "न्हाई पायजे."

"काहून?" यांनी विचारलं.

खरं कारण बालाजीच्या कामाचं होतं, ते चारचौघांत बोलता येत नव्हतं. मी म्हणलं, "भ्याव वाटतं."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. हे म्हणाले, "भ्याव तर हिला वसमतचा रस्ता वलांडताना बी वाटतं." तुम्ही हात पदरात गुंडाळला, म्हणालात, "मग मी बी करीत न्हाई सही," आणि सृष्टीच्या खांद्याला धरून निघालात. डॉक्टरांच्या माणसानं फाईल बंद केली. कचेरीतला बाबू म्हणाला, "चला, मागच्यांना येऊ द्या." इतकंच. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल.

तुम्ही गेल्यावरचं तुम्हाला माहीत नाही. बालाजीनं मला नळापाशी गाठलं.

"कोमल काही बोलली का तुला?"

"काय बोलणार?"

"मग काही न्हाई."

कपाळावर नागनाथाचा अंगारा असताना पोराशी खोटं बोलले, आक्का. पण त्यानं विचारताना नळाची तोटी इतकी घट्ट धरली होती की मला दुसरं काही सुचलं नाही. मग तो म्हणाला, "मम्मी, सगळ्या आया पोरांना पुढं ढकलतेत. तू मागं वढलंस." आणि तिथूनच संभाजीनगरच्या गाडीत बसला. घरी आला नाही.

इसार बुडाला. पै पै जपणारी मी, मला त्याचं काही वाटलं नाही. पोराचं ते बोलणं मात्र पीठ मळताना, दिवा लावताना, कुठंही मध्येच येतं. हे माझ्याशी बोलत नाहीत. चहा पाहिजे तर कप वाजवतात.

तुम्ही म्हणाल, बोललीस ना, आता भीती गेली असेल. गेली नाही. आधी होईल का याची होती, आता झालं त्याची आहे.

तुमची
सत्यभामा

कुरुंदा, १८ जानेवारी २०२६

ती. आक्कांस,

संक्रांतीचं वाण सृष्टीजवळ पाठवलंय, मिळालं असेल. तुम्ही पाठवलेला तिळगूळ यांनी खाल्ला. कुणाचा म्हणून विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण डबा तुमचा आहे हे दिसत असून खाल्ला.

गेल्या आठवड्यात यांनी माझ्यापुढं मोबाईल धरला. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच समोर आले. एजंटानं निरोप पाठवला होता. आमचा प्लॉट दुसऱ्यानं घेतला, आमच्या भावापेक्षा बऱ्याच वरच्या भावानं. फोटोत एक नवरा-बायको त्या पांढऱ्या रेषांत उभे होते, गळ्यात हार घालून. बाई हसत होती. मी फोटो मोठा करून बघितला, ती उभी होती ती माझ्या देवघराची जागा. हे मोबाईल खिशात घालून निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी उपास नसताना जेवले नाही. ती बाई शहाणी आणि मी भित्री, असं ठरून गेलं असं मला वाटलं. तसं नाहीच, असं अजूनही मला सांगता येत नाही. ते शहर वाढेलही, आक्का. वाढलं तर मी काय तोंड दाखवू, हे रोज मनात येतं.

मग परवा बालाजीचा फोन आला. मला नाही, बापाला. बैठकीत मी दारामागं उभी होते. यांचं "हं, हं" ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. फोन ठेवून हे टोपी न घालताच शेताकडं गेले. हळदीची पानं आता वाळायला लागलीत. बांधावर तसेच बसून होते म्हणे, शेजाऱ्यांनी सांगितलं. ऊन उतरल्यावर आले, हातपाय धुतले आणि चुलीपाशी येऊन उभे राहिले.

"मार्चचं तुला म्हाईत होतं?"

"व्हय."

"आक्काला?"

"व्हय."

"म्हणजे मलाच न्हाई."

मी भाकरी थापत राहिले. कडा फाटत होती. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. तसं कधी केलं नाही त्यांनी, पण वाटलं.

"कचेरीत काहून न्हाई सांगितलं? भ्याव वाटतं म्हणलीस, लोक हासले तुला."

"त्याला हासण्यापेक्षा मला हासलेलं बरं."

हे पाटावर बसले.  मग असं म्हणाले, जे यांनी मला उभ्या आयुष्यात म्हणलं नव्हतं. "काय करावं म्हणतीस?"

आक्का, तो प्लॉट, तो इसार, ती कचेरी, कशानं भ्याले नाही इतकी मी या तीन शब्दांनी भ्याले. आजवर यांनी ठरवायचं आणि मी मनात कुढायचं, त्यात एक सोय होती. पहिल्यांदा तुम्हीच आठवलात. उद्या सांगते म्हणावं, आक्कांना पत्र टाकावं, उत्तर येईल ते सांगावं. पण तुम्ही काय उत्तर द्याल ते मला माहीत होतं.

मी तवा उतरवला. म्हणलं, "त्याला बोलवून घ्या. कोमलला बी. हळद उकडायला माणसं लागतेतच, तवर राहतेन. मग परत शहरात जायचं म्हणाला तर जाऊ द्या, इथं ऱ्हायचं म्हणाला तर ऱ्हाऊ द्या. तिथं खोली भाड्यानं भेटती, जमीन विकावी लागत न्हाई. पण एक हाय."

"काय?"

"हरून आला, हा शब्द या घरात निघायचा न्हाई. रागात न्हाई, पाहुण्यापुढं न्हाई, अन तातेरावभाऊजीपुढं तर मुळीच न्हाई. निघाला तर मी हट्ट्याला आक्काकडं जाऊन ऱ्हाईन."

तुम्हाला न विचारता तुमचं घर मध्ये घातलं, त्याची क्षमा असावी.

 हे म्हणाले, "बरं."

एवढंच म्हणाले. मोबाईल घेऊन बैठकीत गेले आणि बालाजीला लावला. मी दारामागं गेले नाही. आतच बसून राहिले. काय बोलतात ते ऐकायचा धीर झाला नाही. विचारायचाही अजून झालेला नाही, आणि बालाजी काय म्हणाला ते यांनी सांगितलेलं नाही. फक्त पलीकडच्या खोलीतली पोती यांनी आज सकाळी स्वतः बाहेर काढली आणि खोली झाडून घेतली.

अक्षर वाकडं आलं असेल तर सृष्टीला म्हणावं, सांभाळून वाच. 

तुमची
सत्यभामा